पत्र्याचा हात

चाळीस वर्षं मी लोकांची दुखणी कातरतोय, प्रभू,
पत्र्यातून.
डोळे जोडीनं, पाय सुटे,
काळजं डझनावारी,
एकदा एका खेचराची फुप्फुसं,
एकदा दोन्या कासिल्दाच्या लेकासाठी दारूची बाटली.
बरा लेक व्हायचा होता, बाटली नव्हे,
पण टांगायला काही आकार तर हवा.

ओआहाकाच्या या डोंगरात असंच चालतं:
जिथं दुखतं तिथलं चिमुकलं रूप
लाल फितीनं तुझ्या मखमली झग्याला टाचायचं
आणि घरी जाऊन मक्याला पाणी घालायचं.

चर्चच्या पायरीशी माझी पेटी.
लोक सांगायचे, "डावा गुडघा. जरा सुजलेला करा."
सुजलेला मी कधी केला नाही.
बरा झालेलाच केला.
मागायचं तर पुरतं मागावं.

आता माझाच उजवा हात
गेल्या पेरणीपासून थरथरतो.
कात्री मुठीत पाखरासारखी फडफडते.
कॉफी आधी बशीत, मग सदऱ्यावर,
उरली तर तोंडात.
शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी दुखण्याचं नाव सांगितलं,
गोळ्या दिल्या, दिवसातून तीन,
आणि खोटं बोलल्या नाहीत.
गोळ्या घेतो मी. त्याही तुझ्याच हातच्या, असं धरून घेतो.

काल रात्री पत्रा घेऊन बसलो.
तीन तुकडे वाया गेले.
चौथ्यातून निघाला तो हा असा:
करंगळी वाकडी, अंगठा आखूड,
कडा उंदरानं कुरतडल्यागत.
मकारिया, माझी नात, दिव्याशी उभी होती.
"मी कापून देऊ का, ताता?"
तिचा हात सरळ आहे, माझ्याच हाताखाली तयार झालेला.
म्हटलं, नको पोरी.
निदान एकदा तरी खरं माप जाऊ दे त्याच्याकडे.

खरंच सांगायचं तर, चढणीवर एक हिशेब घोळवत आलो.
भूकंपाच्या साली तुझ्या डाव्या हाताचं बोट तुटलं,
ते कोणी जोडलं?
सरस मी उकळला.
रात्रभर तुझं मनगट मांडीवर धरून बसलो,
आणि पाद्रीबाबा पैसे देत होते, ते घेतले नाहीत.
उधारी म्हणत नाही.
पण आठवण द्यावी, एवढं मनात होतं.

आत मेणाचा वास, कालचा झेंडू.
तुझ्या झग्यावर बोटभर जागा नाही.
काठापासून खांद्यापर्यंत माझेच डोळे, माझेच पाय,
आणि त्यांच्यामागची माणसं एकेक ओळखू येऊ लागली.
तो गुडघा हासिंतोचा. परवा लाकडाची मोळी घेऊन गेला माझ्या पुढून.
ते काळीज आता थडग्यात आहे.
तो कान प्रिस्कियानाच्या लेकीचा.
मुलगी आजही ऐकत नाही,
आणि आई दर शुक्रवारी येऊन फरशीवरचं मेण खरवडते.
मी एकदा विचारलं होतं, कशाला?
म्हणाली, "ती नाही ऐकत. तो ऐकतो.
दोघांत एकानं ऐकलं तरी घर चालतं."

मग तुझ्या डाव्या हाताकडे पाहिलं,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कारागिराच्या नजरेनं.
खिळ्याच्या भोकाशेजारचं ते बोट
मी वाकडं बसवलंय.
चांगलंच वाकडं.
कोणी बोललं नाही.
तूही नाहीस.
त्याच हातानं आशीर्वाद देत राहिलास,
जणू मी दिलं ते बोट तुला पुरेसं होतं.

हिशेब तिथंच पायरीवर राहिला.
फीत काढली. टाचणी धरली.
टाचणी लागेना. पुन्हा. पुन्हा.
हात मखमलीवर टेकवला तशी
माझी थरथर झग्यात उतरली,
आणि सगळे डोळे, सगळे पाय, सगळी काळजं
एकदम किणकिणू लागली,
चाळीस वर्षांचं मागणं
एका आजारी हातानं हलवलेलं.

थांबवावं वाटलं नाही.
तसाच उभा राहिलो, काठ धरून.

मग घरी आलो. मक्याला पाणी घातलं.
निम्मं सांडलं.
ते खालच्या भोपळ्याच्या वेलानं प्यायलं.